यूरॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना: लघवीच्या वहीपासून नळी काढण्याच्या तारखेपर्यंत

'डॉक्टर, लघवीचा त्रास आहे' एवढ्या वाक्यावर यूरॉलॉजिस्टला फारसं काही करता येत नाही. जळजळ होते की अडते? वारंवार जावं लागतं की आलेली आवरत नाही? रात्री किती वेळा उठता, आणि उठल्यावर भरपूर होते की चमचाभर? या प्रश्नांची उत्तरं रुग्णाकडेच असतात, फक्त ती मोजलेली नसतात. त्यात विषय लाजेचा, सोबत सून किंवा मुलगा, बाहेर रांग. मग सांगायचं राहून जातं आणि औषधाची चिठ्ठी अंदाजावर निघते. म्हणून या लेखात दवाखान्याइतकाच भर घरी करायच्या तयारीवर आहे.

हा डॉक्टर नेमका कशाचा

आपल्याकडे 'किडनीचा डॉक्टर' म्हणून दोघांना ओळखतात आणि निम्मे लोक चुकीच्या दारात बसतात. नेफ्रॉलॉजिस्ट औषधांचा डॉक्टर: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, अंगावर सूज आहे, डायलिसिस लागणार आहे, तर त्याच्याकडे. यूरॉलॉजिस्ट सर्जन असतो. मूत्रपिंडातून निघालेली लघवी बाहेर पडेपर्यंतचा सगळा रस्ता त्याचा: मूत्रपिंड, तिथून मूत्राशयापर्यंत येणाऱ्या साधारण २५ सेंमी लांबीच्या दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय, मूत्रमार्ग. पुरुषांमध्ये शिवाय प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी), अंडकोष, लिंग. गाळणी बिघडली तर नेफ्रॉलॉजिस्ट, नळ तुंबला तर यूरॉलॉजिस्ट, असं लक्षात ठेवलं तरी चालतं. किडनी प्रत्यारोपणात दोघंही लागतात.

पाटीवर नावापुढे 'एम.सीएच. यूरॉलॉजी', 'डीएनबी यूरॉलॉजी' किंवा 'डीआरएनबी यूरॉलॉजी' आहे का पाहा. म्हणजे जनरल सर्जरीनंतर या विषयाचं वेगळं शिक्षण झालेलं आहे. भिंतींवर रंगवलेले 'गुप्तरोगांवर हमखास इलाज' हे काही यूरॉलॉजी नव्हे. आणि हा फक्त पुरुषांचा डॉक्टर आहे ही समजूतही सोडा. मूतखडा, वारंवार होणारं इन्फेक्शन, खोकताना लघवी सुटणं यांसाठी बायकांनीही इथेच यायचं असतं.

अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही असे प्रसंग

खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत पू झाला की जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही. अशा वेळी खडा काढत बसत नाहीत. आधी नळी घालून लघवीला वाट करून देतात, खड्याचं नंतर बघतात.

लघवी पूर्ण बंद, ओटीपोट टम्म फुगलेलं आणि माणूस तळमळतोय, तर जवळच्या कुठल्याही रुग्णालयात कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालून घ्या. यूरॉलॉजिस्ट शोधत शहर पालथं घालू नका.

मुलाच्या किंवा तरुणाच्या एका अंडकोषात अचानक जोराची कळ, सोबत उलटी. अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण ६ तासांच्या आत सोडवला तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो, पुढे प्रत्येक तासाला शक्यता घसरत जाते. मुलं लाजून 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतात. म्हणून पोटदुखीच्या मुलाची चड्डी काढून बघायलाच हवी.

लघवीतून रक्ताच्या गाठी पडणं, मागे ओढलेली कातडी पुढे न येता शिश्नाच्या टोकाला आवळून बसणं, ताठरता ४ तासांहून जास्त टिकणं, एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाची लघवी अचानक कमी होणं: हेही सगळं आजच्या आज.

पायरी पहिली: तीन दिवसांची लघवीची वही

वारंवार लघवी, रात्री उठणं, घाई होणं, सुटणं यांपैकी काहीही असेल तर जाण्याआधी तीन दिवस हे करा. ५०० मिलीपर्यंत खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि संडासात ठेवून द्या. प्रत्येक वेळी वेळ आणि मिली लिहा. किती प्यायलात (चहासुद्धा), कधी झोपलात, कधी उठलात, कपड्यात सुटली का, हेही लिहा. तीन दिवस सलग नसले तरी चालेल, पण एक दिवस घरचा आणि एक कामावरचा असू द्या.

ही वही काय सांगते ते एका नोंदीवरून बघा. सत्तरीचे गृहस्थ, तक्रार 'रात्री सारखं उठावं लागतं, प्रोस्टेट असणार'. दिवसा: ९ वाजता २००, साडेबाराला १८०, ४ वाजता १५०, साडेसातला १७०, झोपताना सव्वादहाला २००. रात्री: १२.४० ला ३८०, २.५० ला ४००, ४.४५ ला ३५०, आणि सकाळी उठल्यावर साडेसहाला ३७०. दिवसाची बेरीज ९००, रात्रीची (सकाळची पहिली धरून) १५००. म्हणजे चोवीस तासांतली ६० टक्क्यांहून अधिक लघवी झोपेत तयार होतेय. या वयात हा हिस्सा एक तृतीयांशाच्या वर गेला की तो जास्त समजतात. यांचं मूत्राशय ४०० मिली बिनतक्रार धरतंय, तेव्हा मुख्य दोष प्रोस्टेटचा दिसत नाही. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर बाहेर पडतंय का, हृदय अशक्त आहे का, घोरताना श्वास अडतो का, पाणी काढायची गोळी संध्याकाळी घेतली जातेय का, हे आधी शोधायला हवं. अशा माणसाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं तरी तो रात्री तितक्याच वेळा उठेल.

याउलट दिवसरात्र दर तासाला ७०-८० मिली अशी वही आली तर मूत्राशय चिडलेलं आहे किंवा पूर्ण रिकामं होत नाही. आणि चोवीस तासांची बेरीजच ३ लिटरच्या पुढे गेली तर आधी साखर तपासा, मग पिण्याच्या सवयीकडे बघा.

पायरी दुसरी: पिशवीत काय न्यायचं

जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने. सीटी स्कॅन झालेला असेल तर नुसता कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडी हवी. खडा नेमका कुठे अडलाय हे सर्जनला स्वतः बघायचं असतं.

चालू गोळ्यांच्या पट्ट्याच न्या, नावं तोंडपाठ सांगायला जाऊ नका. तीन प्रकारच्या गोळ्या इथे खास महत्त्वाच्या. रक्त पातळ करणाऱ्या: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या: त्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे लघवी वाढते आणि त्या जागी बुरशीची खाज सुटते. ही 'तक्रार' घेऊन बरेच लोक यूरॉलॉजिस्टकडे येतात. तिसऱ्या सर्दी-पडशाच्या गोळ्या. त्यातल्या फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइनमुळे साठीपुढच्या पुरुषाची आधीच अरुंद झालेली वाट एका रात्रीत बंद होऊ शकते.

खडा पडला असेल तर तो बाटलीत घालून न्या. जुन्या चहागाळणीतून लघवी गाळली की सापडतो. तंबाखू-विडी-सिगारेट किती वर्षं, हेही ठरवून सांगा. ते कशाला लागतं ते पुढे येईल.

पायरी तिसरी: लघवीचा नमुना नीट देणं

'लघवीत इन्फेक्शन' म्हणून आलेल्या कितीतरी रिपोर्टांत जंतू कातडीवरचे असतात. साबणाने हात धुवा. पुरुषांनी कातडी मागे घ्यावी, बायकांनी दोन बोटांनी ओठ बाजूला धरावेत आणि जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवावी. पहिली धार सोडून द्या, धार न थांबवता मधली २०-३० मिली निर्जंतुक बाटलीत घ्या, उरलेली पुन्हा बाहेर. झाकणाच्या आत बोट लावू नका. नमुना शक्यतो तासाभरात, फार तर दोन तासांत लॅबला द्या. तेवढ्यात जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. उन्हात स्कूटरच्या डिकीत तीन तास फिरलेल्या नमुन्यात जंतू वाढणारच.

कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचं असतं. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. दोन दिवस गोळ्या खाऊन दिलेला नमुना 'नो ग्रोथ' येतो आणि मग कुठला जंतू, कुठलं औषध, काहीच कळत नाही. रिपोर्टमध्ये तीन-चार जंतूंची मिसळ आली असेल तर नमुना बाटवला गेलाय असं समजून पुन्हा द्या. आणि त्रास काहीच नाही, फक्त रिपोर्टमध्ये जंतू आहेत, तर सहसा औषध लागत नाही. गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलेला माणूस एवढे अपवाद.

उन्हाळी लागणं वेगळं. कडक उन्हात पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होऊन जळते, पाणी वाढवलं की दिवसात बरं वाटतं. दोन दिवसांत थांबलं नाही, ताप आला किंवा वास-गढूळपणा असेल तर सब्जा-ताकावर न राहता तपासणी करा. लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर आणि कल्चर मात्र दरवेळी कोरं, असं वारंवार होत असेल तर आपल्या देशात मूत्रसंस्थेचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे, ओळीने तीन दिवसांचे नमुने लागतात. वेळेत सापडला तर गोळ्यांनी बरा होतो, राहून गेला तर मूत्रवाहिनी आक्रसते आणि मूत्राशय मुठीएवढं होऊन बसतं.

पायरी चौथी: सोनोग्राफी आणि धारेची तपासणी

सोनोग्राफीआधी तासभर तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी धरा. पण नंबर लागेपर्यंत घाम फुटेल इतकी धरू नका. ताणलेलं मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि मग 'लघवी मागे उरते १५० मिली' असा खोटा आकडा कागदावर उतरतो. एकदा करून आल्यावर शंका वाटली तर पाच मिनिटांनी पुन्हा जाऊन या, मग मोजायला सांगा.

रिपोर्टमधल्या शब्दांना घाबरण्याचंही एक शास्त्र आहे. 'सिंपल कॉर्टिकल सिस्ट' म्हणजे पाण्याची साधी पिशवी, बहुतेकांना काही करावं लागत नाही. '३ मिमी कॉन्क्रीशन', म्हणजे खड्यासारखा दिसणारा बारीक ठिपका, कित्येकदा खडा नसतोच. 'प्रोस्टेटोमेगाली ग्रेड १', म्हणजे थोडं वाढलेलं प्रोस्टेट, वाचून ऑपरेशनची रात्र जागवू नका. पण 'हायड्रोनेफ्रोसिस', म्हणजे मूत्रपिंडात लघवी तुंबून फुगवटा, हा शब्द असेल तर अडथळा कुठे आहे ते शोधल्याशिवाय थांबायचं नाही.

यूरोफ्लोमेट्री ही धारेची तपासणी. नरसाळ्यात लघवी करायची, खालचं यंत्र वेग मोजतं. नेहमीसारखी लागली की करा, जोर करू नका आणि धार नरसाळ्यात फिरवत बसू नका, आलेखात खोटे सुळके येतात. निदान १५० मिली झाली तरच आकडा धरायचा. सर्वोच्च वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर साधारण ठीक, १० च्या खाली गेला तर अडथळ्याची शंका. मूत्राशयाचा स्नायू थकला तरी वेग खालीच येतो, म्हणून या एका कागदावर ऑपरेशन ठरत नसतं.

खोलीत प्रोस्टेटसाठी गुदद्वारातून बोटाने तपासणी होते. अर्धा मिनिट लागतं, दुखत सहसा नाही. ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी, हे सोनोग्राफीला कळत नाही, बोटाला कळतं. पन्नाशीपुढच्या पुरुषाची लघवीची तक्रार असून ही तपासणी झालीच नाही, तर विचारायला हरकत नाही. महिला रुग्णाच्या तपासणीला महिला कर्मचारी हजर असावी, तसं आधीच सांगा.

मूतखडा: कधी थांबायचं, कधी नाही

कुशीतून जांघेत उतरणारी कळ, माणूस एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो, उलटी होते. या दुखण्यावर डायक्लोफिनॅकसारखं इंजेक्शन चांगलं लागू पडतं, मात्र मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर ते टाळतात. कळ चालू असताना बाटल्याच्या बाटल्या पाणी पिऊन किंवा सलाइन चढवून खडा ढकलला जात नाही. वरून दाब वाढतो आणि दुखणं वाढतं. बिअरचंही तेच. तहानेपुरतं प्या.

मूत्रवाहिनीचा पोकळपणा जेमतेम ३-४ मिमीचा आणि त्यात तीन ठिकाणी आणखी चिंचोळा: मूत्रपिंडातून निघताना, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडे अडतात ते बहुतेक इथेच. ५ मिमीच्या आतले बरेचसे आपोआप पडतात, ५ ते १० मधले काही पडतात, काही नाही, १० च्या वरचे क्वचित. कुठे अडलाय हे सोनोग्राफीत नेहमी दिसत नाही, मधल्या भागावर आतड्यांतला वायू असतो. म्हणून रंगीत औषध न टोचता केलेला साधा सीटी स्कॅन सगळ्यात भरवशाचा. गरोदरपणात मात्र सोनोग्राफीवरच भागवतात.

वाट पाहायची ठरली तर ४ ते ६ आठवडे, त्याहून जास्त नाही. आणि इथे होणारी मोठी चूक: दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं धरून चालणं. खडा तिथेच असतो, मूत्रपिंड वरच्या बाजूला शांतपणे फुगत राहतं, दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते पिशवीसारखं पातळ झालेलं दिसतं. खडा डोळ्यांनी पाहिला नसेल तर शेवटी एकदा सोनोग्राफी किंवा एक्स-रे कराच.

काढायचे मार्ग चार. बाहेरून धक्के देऊन फोडणं: चिरफाड नाही, पण तुकडे तुम्हालाच लघवीवाटे पाडायचे असतात. २ सेंमीच्या आतल्या, फार कठीण नसलेल्या, मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात नसलेल्या खड्याला हे बरं. गरोदर बाईला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्याला नाही. मूत्रवाहिनीतल्या खड्याला लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालून लेझरने चुरा करतात. तीच दुर्बीण लवचिक असली की मूत्रपिंडापर्यंत पोचते. २ सेंमीच्या वरच्या खड्यासाठी पाठीतून सेंटीमीटरभर भोक पाडून थेट मूत्रपिंडात जातात. मोठा खडा एका फेरीत साफ करायला हा रस्ता अजूनही सरस आहे, 'भोक' ऐकून नाकारू नका.

कुळथाचं कढण खुशाल प्या. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, जो सगळ्यात जास्त आढळतो, तो त्याने विरघळत नाही आणि इतर कुठल्या काढ्यानेही नाही. विरघळतो तो युरिक अ‍ॅसिडचा खडा, तोही लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेटसारखं औषध लघवीचा पीएच मोजत घेतलं तर. कढण पिता पिता १२ मिमीच्या खड्यासाठी सहा महिने काढणं मात्र महागात पडतं.

पुन्हा होऊ नये म्हणून: दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पाणी नव्हे, लघवी. मे महिन्यात नागपूर-परभणीच्या उन्हात काम करणाऱ्याचं निम्मं पाणी घामात जातं, त्याने 'तीन लिटर पितो' म्हणून उपयोग नाही. मापाचा मग पुन्हा काढा आणि एक दिवस मोजा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड-फरसाण बेताने. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम वाढतं. दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (खड्यातला दुसरा घटक) पकडून ठेवतं, ते बंद केलं की ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. पालक, काजू-बदाम, कोरा चहा यांना आवर घाला. टोमॅटोच्या बियांचा खड्याशी काही संबंध नाही, दिसायला तशा आहेत एवढंच. लिंबू चांगलं, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या वाईट.

प्रोस्टेट

ग्रंथी किती ग्रॅमची आहे यापेक्षा तुम्हाला किती त्रास होतो यावर उपचार ठरतात. ८० ग्रॅमची असून सुखाने झोपणारे लोक आहेत, ३० ग्रॅमची असून कॅथेटर लागलेलेही आहेत. त्रास मोजायला सात प्रश्नांचा तक्ता देतात, प्रत्येकी ० ते ५ गुण. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. आठवा प्रश्न असतो: 'उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल?' त्याचं उत्तर खरं द्या, मुलगा शेजारी बसला असला तरी.

टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने वाट सैल पडते, फरक काही दिवसांत कळतो. ती रात्री घ्यायची आणि अंथरुणातून उठताना आधी कडेला बसायचं, कारण रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते. वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं, त्याने अपाय नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरला या गोळीबद्दल सांगाच, बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये लुळा पडतो. दुसरी गोळी, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, मोठी ग्रंथी आक्रसवते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. या गोळीवर पीएसएचा (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाचा) आकडा निम्म्यावर येतो. म्हणजे २.५ आला तर तो ५ धरायचा. नवा डॉक्टर बदललात आणि हे सांगायला विसरलात तर कॅन्सरची शंका नजरेआड होऊ शकते.

पीएसएची तपासणी इन्फेक्शन असताना, लघवी अडल्यावर किंवा कॅथेटर घातल्यावर लगेच करू नका, आकडा फुगतो. साधारण सहा आठवडे जाऊ द्या. ४ च्या वर म्हणजे कॅन्सर असं नसतं, आणि ४ च्या खाली म्हणजे नक्की नाही असंही नसतं.

ऑपरेशन कधी? गोळ्या असून लघवी वारंवार अडते, मूत्राशयात खडे झाले, रक्त येत राहतं, मूत्रपिंडावर सूज आली, किंवा त्रास सोसवत नाही. दुर्बिणीतून आतला गर काढतात, संत्र्याची साल ठेवावी तशी बाहेरची साल राहते. कॅन्सर बहुधा त्या सालीत होतो, म्हणून ऑपरेशन झालेल्यांनाही पीएसए सुटत नाही. घरी आल्यावर दहा-पंधरा दिवसांनी खपली पडून लघवी पुन्हा लाल होते, त्या दिवशी पाणी वाढवा आणि आराम करा. गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र दवाखाना. महिनाभर जड उचलणं, मलावरोधाने कुंथणं आणि खड्ड्यांतून दुचाकी बंद.

न दुखता आलेलं रक्त

एकदाच लाल लघवी झाली, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून दिलेली गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. मूत्राशयाचा कॅन्सर असाच सुरू होतो: एकदा दिसतो, मग महिनोन् महिने गप्प. तंबाखूचा धूर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. धुरातली रसायनं लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात तासन् तास थांबतात, म्हणून विडीचा हिशेब विचारतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टाळायची नाही. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असाल तर सीटी आणि मूत्राशयात दुर्बीण, दोन्ही लागतात. सोनोग्राफी चांगली आली म्हणून दुर्बीण चुकत नाही. बीट खाल्ल्याने आणि टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवीला रंग येतो. साध्या लघवी तपासणीत लाल पेशी आहेत की नाहीत ते पाहिलं की प्रश्न मिटतो.

बायका, मुलं आणि न बोललेलं

लोकलचा दीड तास, शेतात आडोसा नाही, शाळेत संडासाला कुलूप: म्हणून पाणीच प्यायचं नाही ही सवय इन्फेक्शन आणि खडे दोन्हींना बोलावणं आहे. वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन वेळा इन्फेक्शन झालं तर दरवेळी गोळी बदलण्याऐवजी कारण शोधा. पाळी गेलेल्या बाईला त्या जागी लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने खूप फरक पडतो. खोकताना-शिंकताना सुटणाऱ्या लघवीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम पहिला उपाय: लघवी अडवताना आवळतो तो स्नायू, ८-१० वेळा आवळून सोडायचा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. 'घाई होते पण शिंकताना सुटत नाही' हा वेगळा आजार, त्याला वेगळं औषध.

बाळाचा अंडकोष खाली उतरला नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहा, ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाच्या आत. लहान मुलाची कातडी मागे जात नाही हे बहुतेकदा नैसर्गिक असतं, जोराने ओढू नका. अंडवृद्धीत पाणी भरलेलं असेल तर सुईने काढून ते पुन्हा भरतं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला त्यामागे हत्तीरोगही असू शकतो. अंडकोषात न दुखणारी कठीण गाठ मात्र तरुणाने एक आठवडाही अंगावर काढू नये.

लिंग ताठ न होणं हे कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते, म्हणून डॉक्टर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल विचारतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी वापरणाऱ्याने सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) घेऊ नये, रक्तदाब जीवघेणा उतरतो. मेडिकलवाला विचारणार नाही. मूल होत नसेल तर वीर्यतपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नको, आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर चौकशी करा. खडे आणि प्रोस्टेटच्या कितीतरी शस्त्रक्रिया त्यात बसतात. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचीच शस्त्रक्रिया तिथे चालते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. भरती होण्याआधी लघवीचं कल्चर कोरं आलंय ना, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची (स्वतःहून नाही, हृदयाच्या डॉक्टरला विचारून), आणि आत नळी ठेवणार का?

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. खड्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकदा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट ठेवतात: बारीक मऊ नळी, दोन्ही टोकांना शेपटीसारखी गुंडाळी, एक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात. ती असेपर्यंत वारंवार लघवीला लागणं, लघवी करताना कुशीत कळ जाणं, चालल्यावर लालसर लघवी हे सगळं अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप अपेक्षित नाही. नळी साधारण २ ते ६ आठवड्यांत काढतात, तीन महिन्यांपुढे सहसा ठेवत नाहीत. त्रास थांबला की रुग्ण यायचा थांबतो, गावी जातो, कागद हरवतो. वर्षभराने त्या नळीवर चुन्याचा थर चढून ती स्वतःच खडा बनते, ओढली तर तुटते, आणि एका खड्याच्या जागी तीन ऑपरेशनं होतात.

म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात पडताच त्यावर 'स्टेंट आहे' आणि 'काढायची तारीख' हे दोन्ही लिहिलंय का वाचा. नसेल तर तिथेच लिहून घ्या, घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवा आणि दुसऱ्या एकाच्या फोनमध्येही टाका. काढायला सहसा जागेवर बधिर करणारी जेली पुरते, दहा मिनिटांचं काम. काढलेली नळी दाखवायला सांगा. दोन्ही टोकांच्या गुंडाळ्या शाबूत दिसल्या की मगच घरी निघा.